जलक्रीडा उद्याने : विस्ताराचा खर्च आणि शहापूर–मुरबाडचे पाणी

पाण्यावरील घसरगुंड्या, कृत्रिम लाटांचे तलाव, संथ प्रवाहाचे कालवे, कारंजी आणि लहान मुलांसाठी उथळ हौद यांची एकत्र मांडणी करून, प्रवेशशुल्क घेऊन चालविला जाणारा करमणुकीचा परिसर म्हणजे जलक्रीडा उद्यान. बोलीत त्यास सर्रास ‘वॉटर पार्क’ असे म्हणतात. अशी उद्याने कधी स्वतंत्रपणे, तर पुष्कळदा आधीच्या करमणूक उद्यानाला जोड म्हणून उभी राहतात. पहिल्या उभारणीपेक्षा नंतरचा विस्तार व नूतनीकरण हाच त्यांच्या अर्थव्यवहारातील अवघड भाग ठरला आहे. ह्या विस्ताराच्या हिशेबात पोलाद, काचतंतू, यंत्रसामग्री आणि कर्जावरील व्याज ही खाती मोठी असतात. ज्या पदार्थावर सारा व्यवसाय उभा आहे, त्या पाण्याचे खाते मात्र सर्वांत लहान असते. पाणी इतके स्वस्त का पडते, ह्याचे उत्तर उद्यानाच्या जमाखर्चात मिळत नाही. मुंबई परिसरापुरते ते ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड ह्या दोन तालुक्यांच्या इतिहासात शोधावे लागते.

पूर्वपीठिका : पाण्याचा क्रीडेसाठी उपयोग भारतात फार जुना आहे. संस्कृत काव्यांत जलक्रीडेचे वर्णन हा एक ठरीव विषयच होता. परंतु ती क्रीडा नदीत, पुष्करिणीत किंवा राजवाड्यातील हौदांत चाले आणि तिचा खर्च राजकोशातून होई. पुण्यास अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजहून नळ बांधून पाणी आणण्यात आले. ह्या नळावर शहरातील हौद भरत आणि शनिवारवाड्यातील कारंजीही चालत. नागरिकांची घागर आणि वाड्यातील चैन एकाच नळावर अवलंबून असल्याचे हे महाराष्ट्रातील एक जुने व ठळक उदाहरण होय.

तिकीट घेऊन पाण्याची करमणूक विकण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली. पॉल बॉयटन यांनी १८९५ मध्ये न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे कुंपण घालून ‘सी लायन पार्क’ उघडले. उतारावरून होडी वेगाने पाण्यात सोडणे, हे त्याचे मुख्य आकर्षण होते. नवी आकर्षणे वेळेवर न आल्याने व १९०२ चा हंगाम पावसात गेल्याने ते बॉयटन यांच्या हातून गेले आणि १९०३ मध्ये त्याच जागी ‘लूना पार्क’ उभे राहिले. म्हणजे ह्या धंद्याच्या जन्माबरोबरच त्याचा मुख्य रोगही प्रकट झाला : एकदा पाहिलेली करमणूक दुसऱ्यांदा तितकी ओढ लावत नाही आणि भरपाईसाठी दर काही वर्षांनी नवे भांडवल ओतावे लागते. पाण्यावरील घसरगुंडीची कल्पना अमेरिकेतील हर्बर्ट सेल्नर यांनी १९२३ च्या सुमारास व्यवहारात आणली. बूडापेस्ट येथील गेलर्ट स्नानगृहात १९२७ मध्ये कृत्रिम लाटांचा तलाव सुरू झाला. ह्या सुट्या घटकांना एका आवारात आणून आधुनिक जलक्रीडा उद्यानाचा नमुना घालून देण्याचे श्रेय सामान्यतः जॉर्ज मिले यांना दिले जाते. त्यांचे ‘वेट अँड वाइल्ड’ हे उद्यान फ्लॉरिडातील ऑरलँडो येथे १९७७ मध्ये उघडले. १९९८ मध्ये ते युनिव्हर्सल कंपनीकडे गेले. जुन्या उद्यानाची डागडुजी करीत राहण्याऐवजी कंपनीने २०१६ च्या अखेरीस ते कायमचे बंद केले व २०१७ मध्ये दुसऱ्या जागी ‘व्होल्केनो बे’ हे नवे उद्यान उघडले.

खर्चाचे स्वरूप : जलक्रीडा उद्यानाची झीज साध्या करमणूक उद्यानापेक्षा लवकर होते. घसरगुंड्या काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकच्या असतात. त्यांच्या पृष्ठावरील गुळगुळीत थर उन्हातील जंबुपार किरणांनी निस्तेज होतो, सांधे उघडे पडतात आणि अंग खरचटू लागते. म्हणून ठराविक मुदतीने हा थर घासून पुन्हा द्यावा लागतो. मनोऱ्यांचे पोलाद क्लोरीनयुक्त पाण्याच्या तुषारांनी गंजते; किनाऱ्यालगत समुद्राची खारी हवा त्यात भर घालते. तलावांच्या काँक्रीटला तडे जातात व त्यांतून होणारी गळती पुष्कळदा महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. पंप, गाळण्या व निर्जंतुकीकरणाची यंत्रे रोज चालतात, परंतु ती प्रेक्षकांच्या दृष्टीआड असल्याने त्यांच्या नूतनीकरणातून एकही जादा तिकीट खपत नाही. ह्यामुळे मालकाचा कल दिसणाऱ्या मनोऱ्यावर खर्च करण्याकडे आणि न दिसणाऱ्या गाळणीवरचा खर्च पुढे ढकलण्याकडे असतो. पोहण्याच्या तलावातील पाण्याच्या गुणवत्तेसंबंधी भारतीय मानक (क्र. ३३२८) उपलब्ध आहे, पण मानक पाळण्याचा खर्च हा नेमका ह्याच न दिसणाऱ्या भागातला आहे.

विस्तार करताना आणखी एक गोष्ट घडते. नवी घसरगुंडी विकत घेताना तिची किंमत समोर असते. पण तिच्यासाठी जादा पंप, मोठी समतोल टाकी, वाढीव गाळण क्षमता, विजेची जादा जोडणी, रांगेसाठी सावली, कपडे ठेवण्याची कपाटे, न्हाणीघरे, वाहनतळ आणि जीवरक्षक यांचीही तरतूद करावी लागते. घसरगुंडीच्या किमतीवर बेतलेले अंदाजपत्रक म्हणूनच सहसा अपुरे पडते.

हा हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या उद्यानाने १० कोटी रुपये १२ टक्के व्याजाने उभारून नवा विभाग बांधला, असे समजू. व्याज वर्षास १ कोटी २० लाख रुपये होईल. बांधकामाचे आयुष्य १० वर्षे धरल्यास घसारा १ कोटी रुपये. प्रत्येक जादा पाहुण्यामागे सर्व चालू खर्च वजा जाता ४०० रुपये उरतात असे मानले, तर केवळ व्याज व घसारा भरून काढण्यास वर्षास ५५,००० जादा पाहुणे यावे लागतील. कोकणात खरी गर्दी मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या सु. ९० दिवसांत होते. म्हणजे ह्या दिवसांत रोज सहाशेहून अधिक लोक पूर्वीपेक्षा जास्त आले पाहिजेत, तेही दहा वर्षे सतत. नव्या घसरगुंडीची नवलाई इतकी टिकत नाही.

आता पाण्याचा हिशेब. २,००० चौ. मी. पृष्ठाच्या आणि सरासरी ०·९ मी. खोलीच्या लाटांच्या तलावात १८ लाख लिटर पाणी मावते. ते एकदा भरले की गाळून पुन्हा पुन्हा वापरले जाते; रोज नवे पाणी भरले जाते ही सर्वसाधारण समजूत खरी नाही. रोज भरून काढावी लागते ती घट. उन्हाळ्यात दररोज ६ मिमी. बाष्पीभवन धरल्यास ह्या एका तलावातून १२,००० लिटर पाणी हवेत जाते. गाळण्या उलट्या प्रवाहाने धुताना सोडून दिलेले पाणी, अंगाला लागून बाहेर गेलेले पाणी, गळती व न्हाणीघरे ही सर्व मिळून संपूर्ण उद्यानाची गरज त्याच्या दसपट, म्हणजे १,२०,००० लिटर मानू. हजार लिटरला १०० रुपये असा दर धरला, तरी खर्च दिवसास १२,००० रुपये होतो. नव्या विभागाच्या केवळ व्याजाचा रोजचा बोजा सु. ३३,००० रुपये आहे आणि तो पावसाळ्यातही थांबत नाही. मालकाच्या दृष्टीने पाणी ही चिंतेची बाब ठरते ती महाग म्हणून नव्हे, तर मे महिन्यात एखाद्या दिवशी ते मिळालेच नाही तर काय, म्हणून.

महाराष्ट्रातील उद्याने : मुंबईच्या वायव्येस गोराई येथे एस्सेल समूहाने १९८९ मध्ये ‘एस्सेलवर्ल्ड’ हे करमणूक उद्यान सुरू केले. खाडीपलीकडील ह्या जागेस बोरिवलीच्या बाजूने बोटीने किंवा भाईंदर–उत्तन मार्गाने वळसा घालून जावे लागे. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या शालेय सहली ह्या बोटीतून गेल्या. ह्या उद्यानाला लागून १९९८ मध्ये ‘वॉटर किंग्डम’ हा जलविभाग उघडण्यात आला. करमणूक उद्यानाचा विस्तार पाण्याच्या दिशेने होण्याचे हे राज्यातील सर्वपरिचित उदाहरण होय. त्यामागील तर्क सरळ होता. बोटी, धक्का, तिकीटघरे, जाहिरात व नाव ही सर्व आधीच उभी होती. एकाच खर्चावर दुसरे तिकीट विकता येत होते. पाळण्यांपेक्षा पाण्याकडे लोक पुन्हा पुन्हा येतात, हाही अनुभव जमेस होता. २०१८ मध्ये आवारात पक्षी उद्यानाची भर पडली. २०२२ मध्ये मूळ एस्सेलवर्ल्ड बंद ठेवण्यात आले, तर त्याची जोड म्हणून आलेल्या जलविभागाचा व्यवहार त्यानंतरही चालू राहिला. फांदी जगली आणि खोड वाळले, असा हा प्रकार आहे.

विस्ताराच्या खर्चाचा अधिक बोलका इतिहास रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळच्या उद्यानाचा आहे. चित्रपट-प्रक्रिया व्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी खालापूर तालुक्यात खोपोली–पाली रस्त्यावर ‘ॲडलॅब्ज इमॅजिका’ हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू केले. पहिल्या विभागाचे उत्पन्न स्थिरावण्यापूर्वीच ऑक्टोबर २०१४ मध्ये ग्रीसच्या मिकोनोस बेटाच्या धर्तीवरील जलविभाग, २०१५ मध्ये हॉटेल आणि २०१६ मध्ये हिमविभाग अशी एकापाठोपाठ एक वाढ झाली. एकूण गुंतवणूक दीड हजार कोटी रुपयांच्या वर गेली व तिचा मोठा भाग कर्जाचा होता. मार्च २०१५ मध्ये कंपनीने प्रत्येकी १८० रुपये दराने भाग विक्रीस काढले. जमा झालेल्या रकमेचा मुख्य हेतू नवे काही बांधण्याचा नसून कर्ज अंशतः फेडण्याचा होता. तरीही उत्पन्न व्याजाच्या मागे धावत राहिले आणि पुढील काही वर्षांत भागाची किंमत एक अंकी रुपयांपर्यंत घसरली.

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा करमणूक उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के कर बसला. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आणण्यात आला. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे सर्व उद्याने बंद झाली, नेमकी हंगामाच्या तोंडावर. अखेर २०२२ मध्ये धनकोंनी आपल्या येण्याचा काही भाग सोडला व इमॅजिकाचे नियंत्रण संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. लोणावळा व शिर्डी येथे जलक्रीडा उद्याने चालविण्याचा अनुभव ह्या समूहापाशी होता. ह्या प्रकरणात उद्यानाची रचना निकृष्ट होती असे कोणी म्हटले नाही. वाढीचा वेग आणि कर्जाचा वेग यांचा मेळ बसला नाही, एवढेच.

ठाणे शहराच्या घोडबंदर मार्गावर ‘सूरज वॉटर पार्क’, तर मुंबई–नाशिक महामार्गालगत भिवंडी तालुक्यात ‘शांग्रिला’ अशी मध्यम आकाराची उद्याने झाली. महामार्गाने पुढे शहापूरकडे आणि कल्याणहून मुरबाडकडे जाताना मोठ्या उद्यानांची जागा लहान विश्रामधामे व शेतघरे घेतात. पोहण्याचा तलाव, एकदोन घसरगुंड्या आणि कृत्रिम पावसाखाली नाचण्याची फरसबंद जागा हे त्यांचे ठरलेले साहित्य असते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने हा पट्टा शहरास आणखी जवळ आला आहे. पाणी नगरपालिकेचे, औद्योगिक महामंडळाचे, विंधन विहिरीचे किंवा टँकरचे, कोणत्याही मार्गाने घेतले, तरी ठाणे–कल्याण भागातील त्याचा उगम बहुतांशी सह्याद्रीच्या उतरणीवरील त्याच चार-दोन नद्यांच्या खोऱ्यांत आहे.

पाण्याच्या स्वस्ताईचा इतिहास : मुंबईने आपल्या बेटाबाहेर पाणी शोधण्यास विहार तलावापासून (१८६०) प्रारंभ केला. त्यानंतर तुळशी (१८७९) झाला. ही दोन्ही ठिकाणे साष्टीतच होती. शहराच्या वाढीला ती पुरेनात, तेव्हा मेजर टलक यांच्या शिफारशीनुसार शहापूर तालुक्यातील तानसा नदीवर दगडी धरण बांधण्यात आले आणि १८९२ मध्ये त्याचे पाणी मुंबईस पोहोचले. तानसाचे बांधकाम तेथेच थांबले नाही. १९१५, १९२५ व १९४८ अशा टप्प्यांनी त्याची क्षमता वाढविण्यात आली. १९५७ मध्ये वैतरणेवरील धरण पूर्ण होऊन त्याचे पाणी मिळू लागले. नगर अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावावरून त्याच्या जलाशयास मोडकसागर म्हणतात. १९७३ मध्ये नासिक जिल्ह्यातील ऊर्ध्व वैतरणा, १९८३ पासून राज्याच्या पाटबंधारे खात्याने बांधलेले ८८·५ मी. उंचीचे भातसा धरण आणि २०१४ मध्ये मोखाडा–शहापूर सरहद्दीवरील १०२·४ मी. उंचीचे मध्य वैतरणा धरण, अशी ही मालिका वाढत गेली. मुंबईच्या दररोजच्या सु. ४०० कोटी लिटर पुरवठ्यापैकी निम्म्याच्या जवळपास पाणी एकट्या भातसाचे असते. ते नदीत सोडून भिवंडी तालुक्यातील पिसे येथे उचलले जाते व पांजरापूर येथे शुद्ध केले जाते. म्हणजे शहापूरच्या गावांच्या अंगणावरून ते वाहत जाते.

ह्या प्रत्येक विस्ताराचा भांडवली खर्च महापालिकेने वा शासनाने केला व तो पाणीपट्टीत वर्षानुवर्षे थोडा थोडा वसूल होतो. पाणीपट्टीत न येणारा खर्च वेगळा आहे. बुडालेली भाताची खाचरे, जंगलातून मिळणारी मोहाची फुले, लाकूडफाटा, गावांतील वाटा आणि पिढ्यांची वस्ती यांचे मूल्य एकदा, बहुधा अपुरे, मोजून दिले गेले व खाते बंद झाले. धरणाच्या वरच्या बाजूस राहिलेल्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली पाड्यांचा तर खात्यात उल्लेखच नसतो. हे न मोजलेले मूल्य म्हणजे शहरी पाण्याला, आणि त्यातील करमणुकीच्या पाण्यालाही, मिळालेले मोठे अनुदान होय.

मुरबाड तालुक्यात हा खर्च निदान एकदा स्पष्ट शब्दांत मांडला गेला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बारवी नदीवर १९७२ मध्ये धरण बांधले. कारखान्यांसाठी बांधलेल्या ह्या धरणावर पुढे कल्याण–डोंबिवली, उल्हासनगर, मीरा–भाईंदर इ. शहरेही अवलंबून राहू लागली. उंची वाढविण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले, पण पाण्याखाली जाणाऱ्या पाड्यांनी पुनर्वसनाशिवाय हलण्यास नकार दिल्याने वाढीव उंचीइतके पाणी अनेक वर्षे साठविता आले नाही. बांधकामाचा खर्च झालेला आणि उपयोग नाही, अशी स्थिती निर्माण झाली. तोड निघाली ती अशी की, प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील व्यक्तींना महामंडळात आणि धरणाचे पाणी घेणाऱ्या महापालिका–नगरपालिकांत, ज्या त्या संस्थेच्या पाण्याच्या वाट्याच्या प्रमाणात नोकऱ्या द्याव्यात. २०१९ च्या पावसाळ्यात धरण नव्या उंचीवर प्रथमच भरले व साठवण ३४० द.ल.घ.मी. झाली. जो जितके पाणी नेईल त्याने तितकी माणसे सांभाळावीत, हे तत्त्व पाणीपुरवठ्याच्या हिशेबात क्वचितच इतक्या सरळपणे आलेले आहे. ह्याच तालुक्यातील काळू नदीवरील धरणाचे काम २०११ मध्ये वनखात्याच्या आवश्यक मंजुऱ्या हाती येण्यापूर्वीच सुरू झाले. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते थांबविले.

पावसाचा प्रदेश आणि टँकर : शहापूर व मुरबाड तालुक्यांत वर्षास सु. २,५०० मिमी. वा अधिक पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारी–मार्चपासून शहापूरच्या अनेक गावांत व पाड्यांत टँकर फिरू लागतो. हा विरोधाभास नव्हे. जवळजवळ सर्व पाऊस चार महिन्यांत कोसळतो. उतार तीव्र आहेत, मातीचा थर पातळ आहे आणि खालचा काळा बसाल्ट खडक भेगांखेरीज कोठेही पाणी धरीत नाही. विहिरी दिवाळीपर्यंत काठोकाठ असतात व होळीला तळ दाखवितात. टंचाईकाळात टँकरने माणशी दररोज २० लिटर पाणी देण्याचे शासकीय प्रमाण आहे. जलजीवन मिशनने (२०१९) ग्रामीण भागासाठी ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले, तर शहरांसाठी १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. वर उल्लेखिलेल्या लाटांच्या तलावातून एका दिवसात केवळ वाफ होऊन जाणारे १२,००० लिटर पाणी म्हणजे एक टँकर. तो ह्या प्रमाणाने ६०० माणसांचा एका दिवसाचा वाटा होतो.

ह्या तुलनेचा अर्थ जपून लावावयास हवा. जलक्रीडा उद्याने बंद केल्याने शहापूरच्या पाड्यांना पाणी मिळेल असे नाही. मुंबईच्या ४०० कोटी लिटरांपुढे सर्व उद्यानांची मिळून गरज नगण्य आहे आणि पाड्यापर्यंत पाणी न पोहोचण्याचे कारण नळ, उपसा व निधी यांच्या अभावात आहे. परंतु दोन्ही मागण्यांचा हंगाम एकच आहे. उद्यानाचे व्याज ज्या एप्रिल–मेच्या गर्दीवर फिटते, त्याच एप्रिल–मेमध्ये विहिरी आटतात. ज्या विश्रामधामाच्या विंधन विहिरीवर तलाव भरतो, ती शेजारच्या गावविहिरीच्याच भेगेतून पाणी ओढीत असेल, तर मात्र ही तुलना केवळ आकड्यांची राहत नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ हा २०१४ पासून अंमलात आला. त्याने खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद केली आहे. तथापि भेगा कागदावर दाखविणे सोपे नाही.

राष्ट्रीय जलनीतीने (१९८७ व २००२) पाणीवाटपात पिण्याचे पाणी पहिले ठेवले. करमणुकीला स्वतंत्र स्थान नसून ती ‘इतर उपयोगां’त शेवटी येते. महाराष्ट्राच्या २००३ च्या जलनीतीत उद्योगाला शेतीच्या आधी स्थान होते. २०११ मध्ये हा क्रम बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणण्यात आली. करमणुकीच्या पाण्याचा प्रश्न उघडपणे चर्चेत आला तो २०१६ च्या दुष्काळात. त्या वर्षी होळीच्या सुमारास कृत्रिम पावसाच्या नृत्यांना पाणी न देण्याचे शासनाने जाहीर केले आणि एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएल क्रिकेट स्पर्धेचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. शेवटच्या क्रमांकाचा अर्थ काय, हे कर्ज काढून बांधलेल्या उद्यानाला अशा वर्षी कळते.

शहापूरच्या ९७ गावांना व त्यांच्या पाड्यांना इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्याची योजना मंजूर झाली आहे. मोठे जलाशय तालुक्यातच असताना पाणी घाटावरून आणावे लागते, ह्यातच त्या जलाशयांच्या वाटपाचा इतिहास दिसतो. दुसरीकडे मुंबई महापालिकेने गोराईच्या शेजारी मनोरी येथे दररोज २० कोटी लिटर, पुढे ४० कोटी लिटर, समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प २०२० नंतर हाती घेतला. अशा पाण्याचा खर्च धरणाच्या पाण्याहून पुष्कळ अधिक असतो, कारण त्यात विजेचा प्रत्येक एकक मोजला जातो.

स्वतःच्या साठ्याचा खर्च : सह्याद्रीच्या ह्या भागात पाणी साठविण्याची जुनी रीत खडकात टाकी खोदण्याची होती. मुरबाडहून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटात सातवाहन काळातील लेण्याबरोबर व्यापारी तांड्यांच्या सोयीसाठी खोदलेली टाकी आहेत. माहुली किल्ल्यावरही अशी टाकी आढळतात. आधुनिक उद्यानास हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहे. २,५०० मिमी. पावसाच्या प्रदेशात एक हेक्टर क्षेत्रावर वर्षास २५,००० घ. मी. पाणी पडते. वर मानलेली दररोज १,२०,००० लिटरची गरज २०० कोरड्या दिवसांसाठी २४,००० घ. मी. होते. छपरे, वाहनतळ व फरसबंदी मिळून एक हेक्टरहून थोडे अधिक क्षेत्र मोठ्या उद्यानात सहज असते. म्हणजे पाणी पुरेसे पडते. अडचण साठविण्याची आहे. उघड्या तळ्यातून २०० दिवसांत सु. १·२ मी. पाणी उडून जाते. म्हणून एक हेक्टरचे तळे निदान चार मी. खोल खणावे लागेल, भेगाळ बसाल्टमुळे त्यास तळापासून प्लॅस्टिकचे अस्तर द्यावे लागेल आणि जेथे तिकीट विकता आले असते अशी एक हेक्टर जागा कायमची अडकून पडेल. विस्ताराच्या अंदाजपत्रकात ही रक्कम घसरगुंडीच्या किमतीशेजारी मांडली, तर नव्या विभागाला लागणारे जादा पाहुणे रोज सहाशेहून किती वाढतात ते ताबडतोब दिसते. टँकर किंवा विंधन विहीर पत्करल्यास हा आकडा अंदाजपत्रकात येतच नाही.